न्याहारीला काय खाल्लं?

"उघड की गं! चिठ्ठी आहे, विंचू नाही," माधवी मॅडम म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला.

रेणुकाने घडी उघडली. आत इंग्रजीत एकच शब्द होता, न्याहारी. म्हणजे आता सात वाक्यं बोलायची, तीही उभं राहून, सगळ्यांसमोर, पुस्तकात न बघता. लोणावळ्याच्या त्या कॉलेजात टी.वाय.बी.ए.ला इंग्रजी संभाषणाचा तास शुक्रवारी असायचा आणि मॅडमच्या टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असायचा. डब्यात चिठ्ठ्या. त्यांवर विषय कसले, तर आजची हवा, माझी खोली, खिडकीतून काय दिसतं, रविवारी मी काय करते. पोरांना आधी वाटलं होतं, मॅडम मुलाखतीचं शिकवतील, कंपनीत कसं बोलायचं ते शिकवतील. आणि ह्या विचारतायत, सकाळी काय खाल्लं! प्रज्ञेश तर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "एवढ्यासाठी टाकव्यावरनं दोन गाड्या बदलून यायचं व्हय?"

मॅडमचा नियम मात्र एकच होता. चुकीचं बोललात तर चालेल, खोटं बोलायचं नाही.

रेणुका उभी राहिली. वाक्यं आली, आणि धडाधड आली. न्याहारीला मी एक अंडं खाते. ते साडेतीन मिनिटं उकळायचं. सोबत दोन टोस्ट असतात. एकाला लोणी लावते, एकाला मार्मलेड. चहा किटलीत येतो. किटलीवर लोकरीची टोपी असते. टोस्टच्या कडा मी कावळ्याला घालते.

"वा! अगदी डोळ्यांसमोर आलं," मॅडम म्हणाल्या. चष्म्यावरून त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही. रेणुका खाली बसली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"मार्मलेड म्हंजी काय गं?" शेजारच्या बाकावरून प्रज्ञेशने हळूच विचारलं.

"संत्र्याचा जाम. सालीसकट असतो."

"अन् तुमच्यात रोज खातात?"

"गप बस की!"

रोज कुठलं! त्या सकाळी रेणुकाने तांदळाची भाकरी आणि रात्रीचं उरलेलं पिठलं खाल्लं होतं, वर कपभर चहा. पण इंग्रजीत बोलायचं तर इंग्रजीला शोभेल असंच काहीतरी बोलायला हवं, असं तिला मनापासून वाटायचं. तिला एकटीलाच नव्हे, सगळ्यांनाच वाटायचं. त्या वर्गात सव्वीस जण होते, सगळे शेताभाताच्या घरांतले, आणि त्यांचं ऐकलं असतं तर मावळात कुणी भाकरीला हात लावत नाही अशी खात्री पटली असती. बाकीच्यांचं ब्रेड-बटर गाइडातलं होतं. रेणुकाचं अंडं निदान डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ते बाईंचं होतं.

लोणावळ्याहून लोकलने एकच स्टेशन, मळवली. उतरून भातखाचरांच्या कडेने पंधरा मिनिटं चाललं की बाईंचा बंगला. बाई मुंबईच्या. नोकरी संपल्यावर इथे आल्या आणि तीस वर्षं राहिल्या. रेणुकाचे वडील, रतन, त्यांचे माळी होते. ती चौथीत असताना ते काविळीने गेले. तेव्हापासून तिची आई, चंपाबाई, बंगल्याचं सगळंच बघायची आणि मायलेकी बंगल्यामागच्या खोलीत राहायच्या. एक खोली, एक खिडकी, वर पत्रा, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि फोटोखाली रेणुकाचं टेबल. वर्गात 'माझी खोली' ही चिठ्ठी आली होती तेव्हा रेणुकाने बाईंचीच खोली सांगितली होती. खिडकीतून काय दिसतं, तर विसापूरचा कडा. तोही बाईंच्याच खिडकीतून.

गेल्या डिसेंबरात बाई गेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशात, तो स्वतःच हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. त्याला येता आलं नाही. नातेवाईक आले, कार्य उरकलं आणि बंगल्याच्या किल्ल्या आईच्या हातात देऊन निघून गेले.

आणि आईने काय करावं? तिने काहीएक बंद केलं नाही. पहाटे साडेपाचला ती बंगल्यात जायची, आधी पूर्वेची खिडकी उघडायची, मग बाकीच्या. घड्याळाला किल्ली द्यायची. तारखेच्या कॅलेंडरचं पान फाडायची. बुधवारी गाद्यांना ऊन दाखवायची. दुपारी चारला बाईंची वेताची खुर्ची व्हरांड्यात आणून ठेवायची, ऊन जसं सरकेल तशी आत ओढायची आणि दिवेलागणीला घरात न्यायची. बाईंचा निळ्या फुलांचा कप तर रोज धुवायची. कुणी ओठ लावला नव्हता त्या कपाला, तरी.

"आई, बाई गेल्या आता," एकदा न राहवून रेणुका म्हणाली.

"मग मला ठाव न्हाई व्हय?"

"मग ही खुर्ची कशापायी आतबाहीर करतीस? लोक हसत्यात."

"मला कुणी बंद कर म्हणालंय का?" आई म्हणाली आणि कप पालथा घातला. विषय संपला. रेणुकाला आईची कीव यायची आणि थोडी लाजही वाटायची. तिच्या मैत्रिणी कधी बंगल्यावर आल्याच तर दुपारी चारच्या आत त्यांना वाटेला लावायची ती.

त्या शुक्रवारी ती घरी आली तर हनुमंतभाऊ पायरीवर बसलेले. जमिनींची खरेदी-विक्री करणारे हे गावातलेच गृहस्थ. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला होता आणि तो तसाच निवत होता.

"चंपामावशी, बंगला इकला," ते म्हणत होते. "पुढच्या शनवारी बाईंची नात येतीया. अनिता मॅडम. सोमवारी सह्या. घेणारी पार्टी समदं पाडून नवं बांधणार हाय. ही मागची खोली बी. एक तारखेला रिकामी पायजे."

रेणुकाच बोलली, "अन् आमी?"

"त्येच सांगाया आलोय न्हवं. सही त्या मॅडमची हाय. त्यांनी मनात आणलं, अन् कागदात एक ओळ घातली, की पोरीची परीक्षा होईस्तवर ह्यांना ऱ्हाऊ द्या, तर मे महिन्यापातूर निभंल. पर त्यांना मराठीचं अक्षर येत न्हाई. आता तुझी पोर हाय की कालेजात. इंग्रजीत बोलंल ती."

हनुमंतभाऊ गेल्यावर आई बराच वेळ खरकटं भांडं घासत राहिली. खोली गेली तर काय होणार हे दोघींना ठाऊक होतं. आई दुसऱ्या कुठल्यातरी बंगल्यावर कामाला, तिथे खोली मिळेल न मिळेल. आणि रेणुका वराळ्याच्या आत्याकडे, म्हणजे मग कॉलेज सोडून आतेबहिणीबरोबर कंपनीत. आठ महिन्यांवर परीक्षा आली असताना.

"तीन वर्सं शिकतीस न्हवं?" आई शेवटी म्हणाली. "मग एवढं इचार. दुसरं काय मागत न्हाई मी."

रेणुकाने मोबाइलवरून ते वाक्य तयार केलं. लांबलचक, कृपया आणि विनंतीने खच्चून भरलेलं. आठवडाभर ती ते घोकत होती, स्टेशनला जाताना, येताना, बांधावरून चालताना. भात पोटरीला आलं होतं आणि वाऱ्यासरशी इंद्रायणी तांदळाचा वास यायचा, पण तिचं लक्ष कुठलं! वाक्याच्या मध्यावर आलं की सुरुवात विसरायची. आजवर ती इंग्रजीत अंडं बोलली होती, खिडकी बोलली होती, हवापाणी बोलली होती. ह्यातलं काय कामाचं? बिस्किटांच्या डब्यात एकदाही अशी चिठ्ठी निघाली नव्हती की आमचं घर राहू द्या.

शनिवारी दुपारी दोनला गाडी आली. अनिता मॅडम पस्तिशीच्या असतील. आखूड केस, साधा सदरा, प्रवासाने ओढलेला चेहरा. व्हरांड्यात त्यांनी बूट काढले, आईला हात जोडले आणि एकट्याच आत गेल्या. मायलेकी दारात उभ्या राहिल्या. हनुमंतभाऊ गाडीशीच थांबले.

आतून बराच वेळ काही आवाज नाही. मग त्या बाहेर आल्या त्या वेगळाच चेहरा घेऊन.

"इथे कोण राहतं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"कोणी नाही," रेणुका इंग्रजीत म्हणाली.

"कोणी नाही कसं? घड्याळ चालू आहे. कॅलेंडरवर आजची तारीख आहे. पलंगावर स्वच्छ चादर आहे. मी तर धूळ, जाळी, बंद घराचा वास, असं सगळं धरून आले होते."

"माझी आई," रेणुका म्हणाली. "माझी आई रोज करते."

"का?"

रेणुकाने मराठीत विचारलं. आईने पदराने हात पुसले. "त्यांना सांग, मला कुणी बंद कर म्हणालं न्हाई."

रेणुकाने तसंच्या तसं सांगितलं. आणि तिच्या तोंडून ते इंग्रजीत बाहेर पडलं तेव्हा तिचं तिलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं. नऊ महिने घरात ऐकत होती ती हे, खुळचटपणा म्हणून. अनिता मॅडमनी मात्र ते ऐकून चौकट धरली आणि आईकडे अशा काही नजरेने पाहिलं, की रेणुकाही वळून आईकडे पाहू लागली. तीच आई, तेच विटकं लुगडं, पण क्षणभर तिला ओळखूच येईना.

"मी सहा वर्षांची असताना एकदाच इथे आले होते," अनिता मॅडम हळूहळू, सोपे शब्द वेचून बोलल्या. "आजी मला नीट माहीतच नाही. तू मला सांगशील? मोठं काही नको. ती सकाळी उठायची कधी? न्याहारीला काय खायची?"

न्याहारीला काय खायची!

रेणुका हसणारच होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण हे तर तिला येत होतं. सगळं येत होतं. तिने सुरुवात केली, आणि काय सांगावं, ते घोकलेलं लांबलचक वाक्य सोडून जगातली बाकीची सगळी इंग्रजी तिच्या मदतीला धावून आली. बाई साडेपाचला उठायच्या. आधी ही खिडकी उघडायच्या. विसापूरच्या कड्याला गुड मॉर्निंग म्हणायच्या, मोठ्याने, कड्याने ऐकावं म्हणून. एक अंडं, साडेतीन मिनिटं, ह्या घड्याळावर. चार मिनिटं झाली तर रागवायच्या. दोन टोस्ट, कडा कावळ्याला. कावळा ठरलेला होता, दुसरा आला तर त्याला हाकलायच्या. मग पेपरातलं शब्दकोडं, पेन्सिलने. अडलं की पेन्सिल केसांत खुपसायच्या आणि मग सगळ्या घरभर शोधायच्या.

अनिता मॅडम जोरात हसल्या. "माझे बाबा! बाबा अगदी असंच करतात!"

त्या हसल्या आणि रेणुका थक्क झाली. आपण एक वाक्य बोललो आणि समोरचं अनोळखी माणूस हसलं, तेही आपल्याला नाही, आपण सांगितलेल्या गोष्टीला. वर्गात कुणी असं हसलं नव्हतं. ती खोल्याखोल्यांतून चालत राहिली, बोट दाखवत राहिली, बोलत राहिली. बाई इथे औषध घ्यायच्या. इथे बसून पायाला तेल लावायच्या. ह्या कपाटाशी रोज भांडायच्या, दार लागत नाही म्हणून. मधे आई काहीतरी सांगायची, ते ती इंग्रजीत घालायची. शब्द चुकत असतील, चुकतच होते, पण बाई त्या घरात पुन्हा हिंडू लागल्या होत्या एवढं खरं. हवा, खोली, खिडकी, न्याहारी. आख्खा माणूस ह्यांच्यातच असतो की काय, असं तिला वाटलं. मॅडमच्या त्या पत्र्याच्या डब्यात इतकं मोठं काही भरलेलं असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आणि रविवारी?" अनिता मॅडमनी विचारलं.

रेणुका थबकली. रविवारी चार वाजता बाई खुर्चीत बसायच्या, फोन चहाच्या कपाशेजारी ठेवायच्या आणि मुलाच्या फोनची वाट बघायच्या. आई खाली पायरीवर तांदूळ निवडत बसायची. दोघी बोलायच्या नाहीत.

"आई, रविवारचं इचारत्यात."

"फोनचं नगं सांगू," आई पटकन म्हणाली. "लेकराला लागंल."

रेणुकाला माधवी मॅडमचा नियम आठवला. चुकीचं चालेल, खोटं नाही. आजवर तो नियम तिने किती वेळा मोडला होता, पण इथे, बाईंच्या घरात उभं राहून, तिला मोडवेना. तिने सांगितलं, रविवारी बाई फोनची वाट बघायच्या.

"आम्ही करायचो फोन?" अनिता मॅडमनी विचारलं. स्वतःच्याच घरचं त्या तिला विचारत होत्या.

"सम संडेज," रेणुका म्हणाली. काही रविवारी.

अनिता मॅडम पलंगाच्या कडेवर बसल्या. रडल्या नाहीत. चादरीवरून हात फिरवत राहिल्या. आईने रेणुकाच्या दंडाला चिमटा काढला आणि पाणी आणायला गेली.

चार वाजले. आईने नेहमीप्रमाणे खुर्ची व्हरांड्यात आणली आणि अनिता मॅडमना बसायची खूण केली. निळ्या फुलांच्या कपात चहा दिला. नऊ महिन्यांनी त्या कपातून वाफ निघत होती. स्वतः आई पायरीवर बसली, सूप घेऊन. अनिता मॅडम एक घोट प्यायल्या आणि रेणुकाला म्हणाल्या, "माझ्या आजीचं सगळं सांगितलंस. आता तुझं सांग. तू कुठे राहतेस? तू न्याहारीला काय खातेस?"

आणि इथे रेणुकाची बोलती बंद झाली. साफ बंद. बाईंचा चमचान् चमचा तिला इंग्रजीत येत होता आणि स्वतःच्या घराचं एक वाक्य येत नव्हतं. कधी बोललीच नव्हती ना! ते घोकलेलं वाक्य आठवायला गेली तर नुसतं कृपया आठवलं. समोर आई सूप थांबवून तिच्याकडे बघत होती. आता, ह्याच क्षणी विचारायचं होतं.

"या," ती शेवटी म्हणाली आणि चालू लागली.

बंगल्याच्या मागे जाऊन तिने खोलीचं दार उघडलं. अनिता मॅडम आत आल्या, आणि आत त्या दोघी उभ्या राहिल्यावर तिसऱ्या माणसाला जागा उरली नाही. आई दाराबाहेर थांबली. रेणुकाने एक मोठा श्वास घेतला.

"ही माझी खोली," ती इंग्रजीत म्हणाली. "एक खिडकी. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. ते माझं टेबल, माझ्या वडिलांनी केलं. पावसात पत्रा खूप वाजतो, तेव्हा मी मोठ्याने वाचते. न्याहारीला मी भाकरी खाते. आणि पिठलं." पिठल्याला इंग्रजीत काय म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती पिठलंच म्हणाली. "मी वर्गात खोटं सांगितलं. मी सांगितलं, मी अंडं खाते, साडेतीन मिनिटांचं. ते तुमच्या आजीचं. माफ करा."

अनिता मॅडम हसू लागल्या आणि हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे माझी आजी तुझ्या वर्गात न्याहारी करत होती?"

"हो," रेणुका म्हणाली. आणि मग थांबलं तर सगळंच थांबेल म्हणून तिने एका दमात म्हणून टाकलं, "ही खोली मे महिन्यापर्यंत हवी. माझी परीक्षा आहे. नाहीतर कॉलेज सुटेल. प्लीज."

चार तुकडे होते ते, घोकलेल्या वाक्यातलं एवढं एक प्लीज उरलं होतं. पण पोचायचं तिथे पोचलं. अनिता मॅडमनी फोन उचलला आणि त्या फणसाच्या झाडाखाली गेल्या. आधी हनुमंतभाऊंना बोलावून त्यांच्याकडून घेणाऱ्याला फोन लावला. मग परदेशात वडिलांना. अर्धा तास त्या झाडाखाली येरझारा घालत होत्या. मायलेकी दारात बसून नुसत्या बघत होत्या, आणि आईने सुपातले तेच तांदूळ तीनदा निवडले.

परत आल्या तेव्हा त्या भराभर बोलल्या, इतक्या भराभर की रेणुकाला सुटे सुटे शब्दच कळले. बाबा, ऑपरेशन, ह्याच पैशांतून. घेणारा म्हणतो, रिकामं द्या, नाहीतर व्यवहार नको. आणि सॉरी, तीनदा. रेणुका भाषांतर करायला वळली.

"न्हाई म्हणाली व्हय?" आईने आधीच विचारलं.

"बाप लय आजारी हाय त्यांचा. पैका तितं लागतोय."

आईने मान हलवली. सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला. "बाईंचा ल्योक त्यो. त्याला बरं व्हऊ दे आधी." मग थोडं थांबून म्हणाली, "इचार तिला, सकाळपास्नं जेवली का? नुसत्या च्यावर हाय."

रेणुकाने विचारलं. अनिता मॅडमनी नाही म्हणून मान हलवली आणि मग मात्र त्या रडल्या, लहान पोरीसारख्या, तोंडावर हात न घेता. आईने त्यांना त्या खोलीतच बसवलं आणि ताटलीत भाकरी अन् पिठलं वाढलं. त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

जाताना म्हणाल्या, घरातलं काय हवं ते घ्या, सगळं घ्या. आईने फार विचार केला नाही.

"खुर्ची दे म्हणावं. नव्या माणसाला ठाव नसतंय, उन्हात ऱ्हायली की वेत उलतो."

पुढच्या शुक्रवारी वर्गात डबा फिरायच्या आधीच रेणुकाने हात वर केला. न्याहारी पुन्हा सांगायची आहे, म्हणाली. मॅडमनी डबा बंद केला. रेणुका उभी राहून भाकरी बोलली, पिठलं बोलली, पत्रा आणि पाण्याची टाकी बोलली. सातावर थांबली नाही, एकोणीस वाक्यं झाली. मग प्रज्ञेशने डोकं खाजवत हात वर केला. "मॅडम, माझं बी ते ब्रेड-बटर जरा..." आणि सगळा वर्ग खो खो हसला. तो पुरा तास न्याहारीतच गेला. कुणाच्या घरी नाचणीचं आंबील निघालं, कुणाच्या घरी शिळा फोडणीचा भात. मॅडम खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या आणि मधेच रुमालाने चष्मा पुसत होत्या.

खोली एक तारखेला रिकामी झाली. शेवटच्या दिवशीही आईने साडेपाचला पूर्वेची खिडकी आधी उघडली. संध्याकाळी सगळ्या लावून घेतल्या आणि किल्ल्या हनुमंतभाऊंच्या हातात दिल्या. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आता सांगितलं न्हवं तुमी बंद कर म्हणून? केलं."

आता त्या वराळ्याला राहतात, नव्या इमारतींच्या मागे, भाड्याच्या एका खोलीत. आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासते आणि रेणुका पहाटेच तळेगावला जाऊन लोणावळ्याची लोकल धरते. कॉलेज सुटलं नाही. आईने सुटू दिलं नाही. खोलीपुढे हातभर गॅलरी आहे. त्या गॅलरीत रविवारी चारला वेताची खुर्ची निघते. तिच्यात कुणी बसत नाही. तिच्यावर फोन ठेवतात आणि आई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडते.

अनिता मॅडमचा फोन काही रविवारी येतो, काही रविवारी येत नाही. आई त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

ह्या रविवारी आला. रेणुकाने झडप घालून उचलला. बाबांचं ऑपरेशन झालं, पलीकडून अनिता मॅडम सांगत होत्या, बरे आहेत, घरी आलेत. आणि मग त्यांनी नेहमीचं विचारलं.

"काय म्हणतीया?" आईने विचारलं.

"बाईंचा ल्योक बरा हाय. घरी आलाय. अन् इचारतीया, न्याहारीला काय खाल्लं."

"मग सांग की! भाकरी सांग. पिठलं बी सांग. कालचं व्हतं म्हणून सांग, खोटं नगं."

रेणुकाने सांगितलं. पलीकडे थोडा वेळ कुजबुज झाली, आणि मग एक म्हाताऱ्या पुरुषाचा थकलेला, अडखळता आवाज आला. इतकी वर्षं ह्या भाषेत न बोललेला. "पिठलं," तो म्हणाला. "पिठलं. चंपा, आहे का तिथे?"

आईच्या हातातलं सूप थांबलं. तिने रेणुकाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"हाय," ती मोठ्याने म्हणाली, "हितंच हाय." आणि गॅलरीत ऊन सरकत आलेलं दिसलं तशी उठून तिने खुर्ची हातभर सावलीत ओढली.